माध्यमिक ८१

गेल्या दुर्गापूजेच्या जरा आधी मला शाळेच्या व्हॉट्सअॅप गटात घेतलं. गटाचं नाव 'माध्यमिक ८१'. माझा नंबर मिळाला तो कोणाच्या तरी सुनेच्या मावशीकडून. ती मावशी नागपुरात माझ्याच सोसायटीत राहते. गटावर पहिला निरोप पडला, "बर्गी सापडली!" आणि त्याखाली तीस-बत्तीस हसरे चेहरे.

साठी ओलांडलेल्या, दोन नातवंडांच्या आजीला बर्गी म्हणणारं जगात दुसरं कोणी नाही. हा शब्द नागपुरात कोणाला माहीत नसतो आणि बंगालात माहीत नसलेला माणूस सापडायचा नाही. मूळ शब्द आपलाच, बारगीर. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे तो स्वार. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर येत राहिल्या. चौथाई वसूल करताना गावं जळली, माणसं मेली, लोक घरदार टाकून पळाले. गंगाराम नावाच्या एका बंगाली कवीने त्याच काळात हे सगळं 'महाराष्ट्र पुराण' नावाच्या काव्यात लिहून ठेवलं. अखेर १७५१ मध्ये अलीवर्दीखानाने तह केला, पण तोवर बर्गी बंगालीतल्या अंगाईगीतात जाऊन बसले होते. अडीचशे वर्षांहून जास्त काळ तिथल्या आया आमच्या नावाने मुलं झोपवताहेत. आमच्या घरी हीच गोष्ट पराक्रमाची म्हणून सांगितली जायची, हे सांगायला नकोच.

सातवीत असताना एका तासाला हा धडा निघाला आणि चाळीस-पन्नास डोकी एकदम माझ्याकडे वळली. त्या दिवसापासून मी बर्गी.

वडील दक्षिण-पूर्व रेल्वेत होते, गार्डन रीचच्या मुख्य कचेरीत. ही रेल्वे म्हणजे पूर्वीची बंगाल नागपूर रेल्वे. त्यामुळे आमच्यासारखी नागपूरकडची मंडळी तिच्या रुळांवरून कलकत्त्याला येणं नवलाचं नव्हतं. आम्ही १९७४ मध्ये आलो. मी नऊ वर्षांची, चौथीत. वडिलांच्या कचेरीतल्या बाकी लोकांनी मुलं हिंदी नाहीतर इंग्रजी शाळेत घातली. वडिलांनी मला भवानीपुरातल्या एका बंगाली शाळेत घातलं. त्यांच्यापुढे आदर्श होता सखाराम गणेश देउस्करांचा. देउस्कर मराठी घरातले, जन्म देवघरजवळचा, आणि त्यांनी १९०४ मध्ये बंगालीत लिहिलेलं 'देशेर कथा' इतकं वाचलं गेलं की १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. "मराठी माणूस बंगालीत पुस्तक लिहितो, तुला चौथी जमणार नाही?" असा वडिलांचा सवाल. देउस्कर बंगालातच जन्मले-वाढले होते, ही बाब त्यांनी सोयीस्कर बाजूला ठेवली होती.

पहिल्या दिवशी बाईंनी काहीतरी विचारलं. मी गप्प. बाई प्रेमाने म्हणाल्या, "चेष्टा करो." मला घाम फुटला. भर वर्गात, बाईंसमोर कोणाची चेष्टा करायची? बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे मला कोण सांगणार? दुपारी मुख्य बाई प्रार्थनेनंतर 'शिक्षा' ह्या विषयावर बोलायला लागल्या आणि मी घरी जाऊन आईला सांगितलं की ह्या शाळेत रोज सगळ्यांना मिळून शिक्षा करतात. बंगालीत शिक्षा म्हणजे शिक्षण. आई म्हणाली, "फार फरक नाही."

ह्या जंजाळातून मला बाहेर काढलं बुडीने.

बुडी हे तिचं डाकनाम, घरातलं हाक मारायचं नाव. अर्थ म्हातारी. कलकत्त्यात दर दोन गल्ल्यांमागे एक बुडी असते. तिचं खरं नाव मी इथे लिहीत नाही, विचारलेलं नाही. बाकावर माझ्या शेजारी बसायची. तिचे वडील कालीघाटच्या देवळाजवळ शंखाच्या बांगड्यांच्या एका दुकानात कामाला होते, दुकान दुसऱ्याचं. बुडीचं नाव आईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आई हसत सुटली. "बुडी? मग कधी मारते म्हणे?"

बुडीने मला बंगाली शिकवलं ते मास्तरीण होऊन नाही, चिडवून. लक्ष्मीला 'लोक्खी' म्हणायचं. आत्म्याला 'आत्ता'. स, श, ष तिन्ही लिहायचे वेगवेगळे आणि बोलायचे एकच. 'व' विसरून जायचा. आणि ऱ्हस्व-दीर्घ. माझ्या वहीत मराठी सवयीने दीर्घ उकार पडायचे. 'पूर' आलं की मी मोठ्या ऊकाराची शेपटी ओढणार, आणि ती शिसपेन घेऊन ती कापणार. "इथे असं नाही," एवढंच म्हणायची. सहावीपर्यंत मला बंगालीत स्वप्नं पडायला लागली होती. घरी मी झोपेत बंगालीत बडबडते म्हणून आई काळजीत असायची.

तेव्हा मेट्रोचं खोदकाम चालू होतं. वरून रस्ता उघडा करून खाली बोगदा बांधायचा आणि मग परत झाकायचा, अशी पद्धत. भवानीपूरचा मोठा रस्ता वर्षानुवर्षं फाडून ठेवलेला. शाळेत जायला फळ्यांवरून पलीकडे जावं लागे. खाली चिखल, पाणी, लोखंडी सळया. बुडी पुढे, मी मागे, माझं मनगट तिच्या मुठीत. ती म्हणायची, "बघ, तू आलीस म्हणून शहराने परत खंदक खणला." कारण १७४२ मध्ये बर्ग्यांच्या भीतीने कलकत्त्याच्या लोकांनी खरोखरच शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. सात मैलांचा बेत. तीनेक मैल झाल्यावर काम थांबलं, कारण बर्गी शहरापर्यंत आलेच नाहीत. पुढे तो बुजवून वरून सर्क्युलर रोड गेला. बागबाजारात एका गल्लीचं नाव अजून मराठा डिच लेन आहे. आम्ही दोघी एकदा ट्रामने ती गल्ली बघायला गेलो होतो. बघण्यासारखं काही नव्हतं. एक बकरी होती.

नववी-दहावीत आमचा करार झाला. ती मला बंगालीचे निबंध आणि कवितांची रसग्रहणं करून घेणार, मी तिचं गणित. आठवड्यातून तीन संध्याकाळी ती आमच्याकडे यायची. आई पुडाची वडी करायची ती तिच्यासाठीच. बुडीला गणित येत नव्हतं असं नाही. तिला घाई होती. पहिली पायरी मांडली की तिला उत्तर हवं असायचं.

१९८० च्या हिवाळ्यात, टेस्ट परीक्षेनंतर, मी तो करार मोडला. बंगालीची तयारी झाली होती, माझी. आता तिच्या गणितात माझे तास जात होते. वडिलांचा एक सहकारी म्हणाला होता की ही मुलगी पहिल्या वर्गात येईल, आणि ते माझ्या डोक्यात गेलं होतं. एका संध्याकाळी वीज गेली. त्या वर्षांत ती रोजच जायची, तास-दोन तास, कधी रात्रभर. मी आतल्या खोलीत कंदिलापाशी वाचत बसले होते. जिन्यावर बुडीच्या चपलांचा आवाज आला. मी आईला म्हटलं, सांग मी घरी नाही. आईला ते आवडलं नाही, पण तिने सांगितलं. अंधाऱ्या घरात एकच उजेड होता, माझ्या खोलीतला, आणि दाराशी उभं राहिलं की तो दिसायचा. बुडी थोडी थांबली. मग आईच्या हातात एक वही देऊन गेली. माझ्यासाठी तिने सगळ्या कवितांची टिपणं उतरवून आणली होती, तिच्या बारीक अक्षरात.

निकालाच्या यादीत तिचा नंबर नव्हता. मला पहिला वर्ग. महिन्याभरात वडिलांची बदली नागपूर विभागात झाली आणि आम्ही कलकत्ता सोडलं. बुडी गणितात गेली आणि ती माझ्यामुळे गेली, हे मी पंचेचाळीस वर्षं धरून चालले. नवऱ्याला सांगितलं होतं, मुलीला सांगितलं होतं. स्वतः शिक्षिका झाले तेव्हा गणितात मागे पडणाऱ्या प्रत्येक पोरीला शाळा सुटल्यावर बसवून घेतलं, तेही त्याच हिशोबात.

जानेवारीत मी गेले. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात उतरले. लहानपणी गणपतीत इथे यायचो, मराठी नाटकं बघायचो, आणि मी आईच्या कानात विनोद बंगालीत समजावून सांगायची, मराठीत हसायला यायचं नाही म्हणून. आता खाली यतीन दास पार्क हे मेट्रो स्टेशन आहे. मी मुद्दाम जिना उतरून गेले, फलाटावर उभी राहिले, दोन गाड्या जाऊ दिल्या. डोक्यावर कुठेतरी त्या फळ्या होत्या.

शनिवारी शाळेत जमलो. अडतीस जणी. कोणी न्यू जर्सीहून, कोणी सिलिगुडीहून, बहुतेक दक्षिण कलकत्त्यातल्याच. गुडघे, साखर, मुलांची लग्नं, सुनांची मौनं. लुची, आलूर दम, मटण, आणि हिवाळा असल्याने खजुराच्या ताज्या गुळाचा संदेश. मी नेलेली संत्राबर्फी दहा मिनिटांत संपली. माझं बंगाली गंजलं होतं, पण तासाभरात सुटलं. ज्या बाई आम्हाला भूगोल शिकवायच्या त्या आल्या होत्या, नव्वदीच्या पुढच्या, आणि त्यांनी मला बघून पहिलं काय विचारावं? "अजून चेष्टा करतेस ना?"

मग एकीने माइक हातात घेतला आणि गेलेल्या मैत्रिणींची नावं वाचली. सहा. आम्ही उभ्या राहिलो. बुडीचं नाव त्यात नव्हतं आणि माझ्या मनावरचं ओझं उतरलं. मग गटाची छापील यादी वाटली, पत्ते आणि वाढदिवसांसकट. बुडीचं नाव त्यातही नव्हतं.

मी विचारलं. यादी करणारी, वर्गात कायम हजेरीची वही सांभाळणारी, आजही तशीच नेमकी आहे. म्हणाली, "ती आपल्या बॅचची नाही ना गं. ती पास कुठे झाली ८१ ला? ब्याऐंशीवाल्यांच्या गटात असेल." तिने तिथल्या तिथे ब्याऐंशीच्या गटात कोणाला तरी फोन लावला. तिथेही नव्हती. ती परत बसलीच नव्हती परीक्षेला. पहिलीपासून दहावीपर्यंत दहा वर्षं ती ह्या वर्गात होती. मी सात. पण बॅच पास झालेल्या वर्षावरून ठरते. त्यात कोणाचा दुष्टावा नाही. यादी कुठून तरी सुरू करावीच लागते.

"बुडी?" शेजारून एकजण म्हणाली. शाळेत माझं तिच्याशी कधी जमलं नाही, फार टापटिपीची. "बुडीकडे तर माझे ब्लाउज असतात. वीस वर्षं झाली." आणखी एकीनेही मान हलवली, तिचेही. बुडी तिथेच होती, कालीघाटला, शाळेपासून चालत पंधरा मिनिटांवर.

"मग तिला बोलावलं नाहीस?"

तिने माझ्याकडे बघितलं. लाजली वगैरे नाही. नुसतं तिच्या डोक्यात ते कधी आलं नव्हतं. "उद्या सकाळी माझे दोन घ्यायचेच आहेत," ती म्हणाली. "चल."

रविवारी बाकीच्या जणी गंगेवर होडीत बसायला प्रिन्सेप घाटाला गेल्या. आम्ही दोघी आदिगंगेकडे उतरणाऱ्या एका गल्लीत. जिन्याखालची जागा, एक पायाचं मशीन, एक मोटरचं, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले तयार ब्लाउज. सगळे पिवळे. यंदा २३ जानेवारीला सरस्वती पूजा होती, आणि त्या दिवशी बंगालातल्या शाळेच्या पोरी आईची पिवळी साडी नेसतात, बऱ्याच जणी आयुष्यात पहिल्यांदा. साडी आईची चालते. ब्लाउज आईचा होत नाही. शिंप्यांना त्या पंधरा दिवसांत जेवायला फुरसत नसते.

बुडीने मान वर केली. चष्म्याच्या दोऱ्या, बोटात अंगुस्तान, केस पांढरेशुभ्र. आता नावाप्रमाणे झाली होती. तिने आधी बरोबरचीला पिशवी दिली, पैसे मोजले, आणि मग मला म्हणाली, "किती उशीर केलास, बर्गी."

मी रडले. ती नाही. तिने स्टूल पुसून दिलं आणि पोराला चहा आणायला धाडलं. बरोबरची थोडा वेळ थांबली, मग तिला काम आठवलं. आम्ही बोलत होतो ते बंगालीतच; इथे मराठीत लिहिते आहे.

नवरा गेला, दोन मुलगे, एक मेट्रोत कंत्राटावर. तिला ते सांगताना मजा वाटत होती. "तुझ्या खंदकात," म्हणाली. आईची मशीन होती, तीवर शिकली. अठराव्या वर्षापासून शिवते आहे.

मग मी ते काढलं. कंदील, आई, दार. म्हटलं, तुझं गणित गेलं ते माझ्यामुळे.

"गणित?" ती म्हणाली. "गणितात मला एक्केचाळीस होते. इंग्रजी गेलं. आणि भूगोल." मग हात थांबवून, खरंच आठवून बघत, "कोणता कंदील?"

तिला ती संध्याकाळ आठवतच नव्हती. वही आठवत होती, कारण ती लिहिताना बोट दुखलं होतं. मी पंचेचाळीस वर्षं जे वाहिलं ते तिच्याकडे नव्हतंच. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं असं काही नाही. जरा फसवल्यासारखं वाटलं.

"पण पत्रं," ती म्हणाली. "मी दोन पत्रं टाकली होती नागपूरला. बाबांकडून पैसे मागून. दुसऱ्यात विचारलं होतं, मी परत परीक्षेला बसू का. तू म्हणाली असतीस तर बसले असते."

एक पत्र मला आठवतं. निळं आंतर्देशीय. मी कॉलेजात गेले होते, नवीन मैत्रिणी होत्या, आणि बंगालीत उत्तर लिहायला बसले तर शब्द अडायला लागले होते. तिने चुका काढल्या असत्या. उद्या लिहू म्हणून ठेवलं. दुसरं पत्र मला आठवत नाही. आलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

"चिडली होतीस?"

"राग नाही," ती म्हणाली. "अभिमान झाला होता."

मराठीत हा शब्द छाती फुगवतो. बंगालीत तो पाठ फिरवतो. आपल्या माणसाने विचारलं नाही म्हणून जे दुखतं, जे परक्यावर करता येत नाही आणि बोलूनही दाखवायचं नसतं, त्याला ते अभिमान म्हणतात. मला हा शब्द तिनेच शिकवला होता, सातवीत, मी एकदा डबा दुसरीबरोबर खाल्ला तेव्हा.

संध्याकाळी शाळेत गाण्यांचा कार्यक्रम होता. मी म्हटलं, चल. तिने पिवळ्या ढिगाकडे बोट दाखवलं. मी परत म्हटलं. "काय म्हणून येऊ?" तिने विचारलं, अगदी साधेपणाने, आणि मला उत्तर आलं नाही. यादी करणारीला मी आदल्या रात्रीच फोन केला होता. ती म्हणाली होती, जरूर आण, पाहुणी म्हणून आण. ते मी बुडीला सांगितलं नाही.

"उभी राहा," ती म्हणाली. "पंचेचाळीस वर्षांनी आलीस, तर एक शिवून देते." मी नको-नको म्हणेपर्यंत टेप माझ्या छातीभोवती होती. खांदा, मुंढा, बाहीची उंची, गळा मागून किती. तिचे हात थंड होते आणि फार चपळ, घाई तशीच. मापाची वही काढली, जुन्या डायरीची, आणि नवीन पानावर वर लिहिलं, बर्गी. खाली आकडे.

"कधी नेशील?"

"उद्या दुपारी गीतांजलीने निघते."

"पूजेआधी होणार नाही. पोरींचे आधी. पत्ता लिही, मुलगा कुरियर करेल."

तिने वही आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. मी बंगालीत लिहायला घेतलं. घर क्रमांक, सोसायटी, रस्ता. अक्षरं वाकडी पडत होती, दोनदा थांबले. शेवटी गावाचं नाव लिहिलं. तिने चष्मा सारखा केला, वही स्वतःकडे वळवली, माझ्या हातातून पेन घेतलं आणि 'पू'ची शेपटी कापून ऱ्हस्व केली.

"इथे असं नाही," म्हणाली, आणि पायाने मशीन चालू केलं.